जुने कृष्णधवल फोटो रंगवावेत का?

गोधडीवाली: आजीच्या लग्नाचा फोटो आहे, १९३६ सालचा. आजी खुर्चीवर, आजोबा शेजारी उभे, मागे पडद्यावर रंगवलेला राजवाड्याचा जिना. परवा भाच्याने मोबाइलवर मिनिटभरात तो रंगीत करून घरच्या ग्रुपवर टाकला. आजीचा शालू गडद निळा! सगळ्यांनी बदाम आणि टाळ्या पाठवल्या. शालू डाळिंबी होता. तो विरल्यावर आजीने त्याचा पदर गोधडीत लावला आणि मला बोट ठेवून दाखवला होता, "हा माझ्या लग्नातला." ती गोधडी आजही माझ्याकडे आहे. माझं म्हणणं सरळ आहे: ज्याचा रंग ठाऊक नाही तो फोटो रंगवू नये. ही आठवण नव्हे, थाप आहे.

मेतकूट_भात: थाप जरा जास्तच होतंय, ताई. भाच्याने प्रेमाने केलंय. नाहीतर तो फोटो ट्रंकेतच राहिला असता. आजच्या मुलांना काळापांढरा फोटो म्हणजे परक्याचं घर वाटतं. 'मुघल-ए-आझम' २००४ साली रंगीत होऊन थिएटरात आला तेव्हा मी मुलीला घेऊन गेलो होतो. काळापांढरा असता तर ती दहा मिनिटांत उठली असती.

काचपट्टी: निळा का आला ते सांगतो, कारण यात गंमत आहे. त्या काळी गावोगावचे फोटोग्राफर फोटो टिपायला ज्या काचेच्या प्लेटा वापरत, त्यातल्या बऱ्याच प्लेटांना लाल रंग दिसतच नसे. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा लावून काम करता येई. लाल शालू अशा प्लेटवर जवळपास काळा उतरतो. जुन्या फोटोंतलं कुंकू बघा, काजळाचा ठिपका वाटतं. निळ्याचं उलट, तो असतो त्यापेक्षा उजळ येतो. आता यंत्रापुढे काय आलं? एक काळपट साडी. त्याने ठोकून दिला निळा. म्हणजे शालू खरंच निळा असता तर फोटोत इतका काळा दिसायचं कारण नव्हतं. गोधडी बरोबर आहे.

ब्रशवाल्याचा_नातू: काचपट्टींचं शास्त्र मान्य. पण फोटो ही शुद्ध, सोवळ्यातली वस्तू होती हे कोणी ठरवलं? माझे आजोबा स्टुडिओत फोटो रंगवायचे. काडीला कापूस गुंडाळून गालांवर गुलाबी फिरवायची, मग बारीक ब्रशने दागिने. गळ्यात नसलेली ठुशी घालायची, काळ्याला गोरा करायचा. कोणी अचानक गेलं आणि एकट्याचा फोटोच नसला, की लग्नाच्या घोळक्यातून चेहरा उचलून मोठा करायचा आणि सदऱ्यावर कोट चढवायचा. मृताचे मिटलेले डोळेसुद्धा ब्रशने उघडलेत त्यांनी. त्या फोटोंना आपण हार घालतो. मग भाच्यानेच काय घोडं मारलंय?

गोधडीवाली: तुमच्या आजोबांचा ब्रश दिसायचा. दागिन्यांचा पिवळा रंग फोटोवर उठून यायचा, बघणाऱ्याला कळायचं की हा हात कोणाचा तरी आहे. शिवाय ठुशी घाला म्हणून सांगायला घरचंच माणूस समोर बसलेलं असायचं. इथे कोणी कोणाला विचारलं?

ब्रशवाल्याचा_नातू: कळायचं म्हणता? आमच्या बैठकीतले पणजोबा कोटात आहेत. तीन पिढ्या आम्ही "पणजोबा कोट घालायचे" असं सांगत होतो. आजोबांनीच एकदा हसत हसत सांगितलं, कोट माझा आहे, त्यांच्याकडे धड सदरा नव्हता.

काचपट्टी: 😀 हे मात्र तुमच्याच विरुद्ध गेलं.

पानोपानी: घरातल्या फोटोंचं एक वेळ सोडा. आनंदीबाई जोशींचा फिलाडेल्फियातला फोटो आठवा, १० ऑक्टोबर १८८५ चा. त्या, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली, तिथे डॉक्टरकी शिकणाऱ्या तिघी, आपापल्या देशाच्या पोशाखात. माझ्याकडे त्याच्या दोन रंगीत प्रती आल्या. एकीत आनंदीबाईंची साडी जांभळट, दुसरीत तपकिरी. कोणी रंगवल्या, कशावरून, काही पत्ता नाही. तीनही पोशाख, प्रत्येकीने मुद्दाम घातलेले, आणि आपण त्यावर मनाला येईल तो रंग ओततो. रंग हवेत तर त्या काळच्या बायकांची लेखणी वाचा. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० साली आल्या, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून. त्या वाचताना घर, अंगण, माणसं दिसायला लागतात, एकही चित्र नसताना. मला तरी काळापांढरा फोटो आणि शेजारी असं एक पुस्तक एवढं पुरतं.

मेतकूट_भात: वाचणारे किती उरलेत? आणि रविवर्म्याच्या छापखान्यातून लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेल्या, त्यांच्या साड्यांचे रंग कोणी प्रत्यक्ष पाहिले होते? भिंतीवर लावून उदबत्ती ओवाळलीच ना?

पानोपानी: लक्ष्मीचा शालू गोधडीत कोणी शिवलेला नाही. आजीचा शिवलाय. चित्र आणि फोटो यात एवढाच फरक आहे आणि तो मला पुरेसा वाटतो.

दोन्हीकडून_ढोलकी: मधला मार्ग काढा की. रंगवा, पण मागे लिहा "रंग अंदाजाने". मूळ प्रत जपून ठेवा.

काचपट्टी: व्हॉट्सॲपवर फोटोला पाठ नसते हो. कोपऱ्यात लिहिलंत तर पहिलाच नातेवाईक कापून पुढे पाठवतो. मूळ प्रत जपा हे मात्र शंभर टक्के, आणि लगेच स्कॅन करा. दमट हवेत बुरशी कोणासाठी थांबत नाही.

ब्रशवाल्याचा_नातू: ताई, एक विचारतो, रागावू नका. भाच्याला डाळिंबी रंग सांगितलात तर तोच फोटो चालेल तुम्हाला?

गोधडीवाली: रागावत नाही. त्याने परवाच विचारलं. शालूचा रंग मी सांगू शकते, पण आजोबांच्या उपरण्याचा काठ? खुर्चीची गादी? तिथे पुन्हा अंदाजच. तरी खरं सांगते, एकदा मोह झाला होता.

पण मला खुपतंय ते वेगळंच. मावशी आता ८४ वर्षांची आहे. डाळिंबी शालू नेसून आजी हळदीकुंकवाला जायची हे तिनेच आम्हाला शंभरदा सांगितलंय. परवा तो रंगीत फोटो फ्रेम करून तिच्याकडे गेला. काल फोनवर म्हणाली, "आईचा निळा शालू किती खुलून आलाय बघ."

मेतकूट_भात: अरेरे. गोधडी दाखवलीत का त्यांना?

गोधडीवाली: आज सकाळी घेऊन गेले होते. बराच वेळ हात फिरवत बसली. मग म्हणाली, हा तुकडा दुसऱ्याच कुठल्या लुगड्याचा असेल.