लॅपटॉपच्या कीबोर्डवर चहा सांडलाय, चालू करून बघू का?

धायरीकर
मंडळी जरा अर्जंट आहे. ताईच्या लॅपटॉपवर आत्ताच चहा सांडला, भाच्याचा धक्का लागला आणि अख्खा कप कीबोर्डवर. दुधाचा, साखर घातलेला. लॅपटॉप चालूच होता, मी चार्जर काढला, पॉवर बटण दाबून धरून बंद केला आणि वरवरचा चहा फडक्याने टिपून घेतला. बॅटरी आतली आहे, बाहेरून निघत नाही. ताईच्या पीएचडीचे शेवटचे दोन चॅप्टर फक्त यातच आहेत, ती रडकुंडीला आलीये. पाच मिनिटं चालू करून तेवढं पेन ड्राइव्हवर घेऊ का? की तांदळात ठेवू? विंडोज ११ आहे.

पौडफाटा
चालू करू नकोस!! चार्जर पण लावू नकोस. झाकण जमेल तेवढं उघड आणि लॅपटॉप टेबलाच्या कडेला पालथा ठेव, कीबोर्ड खाली आणि स्क्रीन कडेवरून लोंबती, म्हणजे चहा आतल्या मदरबोर्डाकडे (मुख्य सर्किटकडे) न जाता खाली गळेल. खाली जुना टॉवेल घाल.

कर्वेनगर_मधून
आमच्याकडे पाणी सांडलं होतं तेव्हा दोन दिवस पंख्याखाली ठेवला आणि नीट चालू झाला. हेअर ड्रायर पण मारता येईल ना?

सोल्डरगन
ड्रायर अजिबात नको. गरम हवेने बटणं वाकतात आणि ओल उलट आत ढकलली जाते. आणि साधं पाणी वेगळं, चहा वेगळा. चहातलं पाणी उडून जाईल पण साखर, दूध, त्यातले क्षार बोर्डावर तसेच बसून राहतात, आणि सध्या पुण्यात जी दमट हवा आहे त्यात ते ओल धरूनच ठेवणार. तांदळाचं म्हणशील तर बोर्डाखालचा चहा तो काही ओढून घेत नाही, वर पोर्टमध्ये पिठूळ जातं ते वेगळंच.

धायरीकर, मी रिपेअरिंगचंच काम करतो म्हणून कळकळीने सांगतो. लॅपटॉप बंद केला तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्डाच्या काही लाइनवर व्होल्टेज राहतंच, आणि ओलाव्यात व्होल्टेज असलं की तांबं गंजायला लागतं, हिरवट थर येतो, बारीक पार्टचे पाय खाल्ले जातात. त्यामुळे वाळायची वाट बघण्यापेक्षा बॅटरीचा कनेक्टर काढणं महत्त्वाचं. मागचे स्क्रू काढता येत असतील तर आजच काढ, जमत नसेल तर कुठल्याही बऱ्या रिपेअरवाल्याकडे जा आणि आधी एवढंच करून घे. मग बोर्ड बाहेर काढून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुवायचा. तापकीर गल्लीत आयपीए म्हणून मागितलं की मिळतं. ते लवकर उडतं आणि चिकटा सोडवतं. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि बाकी काय काय असतं.

कीबोर्ड मात्र बहुतेक बदलावाच लागेल, साखर आत गेली की बटणं चिकटतात. काही मॉडेलला तो वरच्या पॅनलला रिव्हेट मारून बसवलेला असतो, तेव्हा मजुरी जास्त लागते, आधी विचारून घ्या.

धायरीकर
धन्यवाद दादा. पालथा ठेवलाय. डेटाचं काय पण? आणि वॉरंटी आहे अजून.

पौडफाटा
साध्या वॉरंटीत सांडलेलं सहसा धरत नाहीत, अॅक्सिडेंटल डॅमेजचा वेगळा प्लॅन घेतला होता का ते बिलात बघ. असेल तर घरी उघडू नकोस, आधी त्यांना फोन कर.

सोल्डरगन
डेटासाठी लॅपटॉप चालू व्हायलाच हवा असं नाही. एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारी डिस्क, एम.२ ची (वेगळी निघणारी छोटी पट्टी) असेल तर एका स्क्रूवर असते, काढून एन्क्लोजरमध्ये, म्हणजे यूएसबीच्या डबीत, घातली की दुसऱ्या कॉम्प्युटरला लागते. बोर्डावरच सोल्डर केलेली असेल तर मात्र बोर्डच जगवावा लागतो. विंडोज ११ मध्ये बऱ्याचदा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद झालेली असते, ती उघडायला ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. ताईंना मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटला लॉगिन करून की बघायला सांग, तिथे सेव्ह असते. आणि दुकानदाराला आधीच सांग, डेटा हवाय, फॉरमॅट मारायचा नाही.

धायरीकर
की सापडली ताईच्या अकाउंटमध्ये, वहीत उतरवून घेतली. जास्तीचा प्लॅन काही नव्हता घेतलेला. सिंहगड रोडवर एक दुकान उघडं आहे, आत्ता लगेच समोर बसून बॅटरी काढून देतो म्हणाला, रिक्षाने निघतोय. दुकानात काय होतं ते इथेच टाकतो.