राखेचा अंदाज म्हणजे थोतांड?

खडूस_गिरगावकर:
"यांना पाऊस सांगता येत नाही, राख काय सांगणार? ज्वालामुखी फुटला इथिओपियात, विमानं रद्द इथली!" ही बोरिवली_फास्ट यांची पोस्ट वाचून राहवलं नाही. २३ नोव्हेंबर २०२५ ला हायली गुब्बी फुटला, राख १४ किलोमीटरपर्यंत चढली आणि येमेन, ओमानवरून दुसऱ्या रात्री गुजरात-राजस्थानमार्गे दिल्लीकडे आली. फ्रान्समधल्या तूलूझच्या, ज्वालामुखीच्या राखेवर नजर ठेवणाऱ्या केंद्राच्या सूचना येत होत्या. तेवढ्या उंचीवरचे वारे आपल्या जुलैतल्या ढगांसारखे लहरी नसतात हो. खरी पंचाईत मुळाशी असते, की राख किती उंच गेली आणि किती गेली. उंची थोडी चुकली की राखेचं प्रमाण भलतंच चुकतं.

बोरिवली_फास्ट:
वा! आणि २०१० सोयीस्कर विसरलात? आइसलँडच्या एका डोंगरापायी युरोपचं आकाश जवळजवळ आठवडाभर बंद, लाखभर उड्डाणं रद्द. इथे माझ्या मेव्हण्याचं जेद्दाचं विमान गेलं नाही, पैसे अजून अडकलेत.

खडूस_गिरगावकर:
२०१० चा घोळ नियमाचा होता. राख असेल तिथे उडायचंच नाही, किती चालेल याचा आकडाच ठरलेला नव्हता. तो नंतर ठरला. आणि १९८२ मध्ये ब्रिटिश एअरवेजचं जंबो इंडोनेशियाजवळ राखेत शिरलं, चारही इंजिनं बंद पडली. विमानाच्या रडारवर राख दिसत नाही. मेव्हण्याला त्यात बसवलं असतं का?

ठाण्याच्या_काकू:
राखबीख राहू द्या. शेजारीण म्हणे गॅलरीतली धूळ ज्वालामुखीची! बोट फिरवून बघितलं, सिमेंट. समोरच्या टॉवरचं हिरवं कापड फाटून लोंबतंय, पाणी कोणी मारत नाही.

बोरिवली_फास्ट:
काकू, पुनर्विकास हवा, लिफ्ट हवी, धूळ मात्र नको?

ठाण्याच्या_काकू:
तुम्ही बिल्डर का? माझ्या नातवाला नेब्युलायझर लावायला या एकदा रात्री.

चाळकरी:
मुंबई पालिकेने २०२३ मध्येच ७० मीटरपेक्षा उंच इमारतींच्या बांधकामाभोवती ३५ फुटी पत्रे सक्तीचे केले. आमच्या समोर दहा फुटीसुद्धा नाहीत.

खडूस_गिरगावकर:
धागा राखेचा आहे, मंडळी. ती वरून गेली, तुमच्या गॅलरीत नाही आली.

बोरिवली_फास्ट:
बरं बाबा, राखेचं तुमचं खरं. आता परतावा कधी येईल याचंही मॉडेल चालवा.

ठाण्याच्या_काकू:
ते नंतर. धुळीची तक्रार नेमकी कुठे करायची, ते सांगा कोणीतरी.