मदत हवी आहे: वॉटरप्रूफ शाई अचानक पाण्यात फुटायला लागलीय

रेघोट्या (गुरुवार, रात्री ९:४०)
कुणी जागं असेल तर लवकर सांगा. तीन महिने एकाच पेनाने रेघा काढून वर जलरंग लावतेय, कधीच काही झालं नाही. परवापासून रंगाचा पहिला हात फिरवला की रेघ फुटते. आज एका जुन्या शिलाई मशीनचं चित्र काढलं. हातचाकावरच्या नक्षीत दोन तास गेले, आणि पिवळा रंग लावल्याबरोबर चाकाभोवती घाणेरडी कड उमटली. पान वाया गेलं. शनिवारी पहाटे निघायचंय, आठ दिवस बाहेर, आणि रोज एक पान काढायचंच असं ठरवलंय. नवीन शाई मागवायला वेळ नाही. सामान नेहमीचंच: ए५ स्केचबुक, पेन, बारा रंगांची डबी, वॉटरब्रश, हेडफोन, पॉवर बँक. काहीच बदललेलं नाही. मग हे का होतंय?

कागदवेडा (९:५२)
कागद कुठला? किती जीएसएम, म्हणजे वजनाला किती जड? शाई कुठली? पेन कुठलं? वर यातलं काहीच नाही, कसं सांगणार?

सुट्टे_रंग (९:५५)
सरळ फाइनलायनर घ्या, म्हणजे बारीक टोकाचं, आतच शाई असलेलं पेन, आणि मोकळ्या व्हा. पिग्मा मायक्रॉन ०१ ची रेघ पाव मिलिमीटरची येते, शाई पिगमेंटची (पाण्यात न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांची) असते, वाळली की वरून पाणी गेलं तरी हलत नाही. धुवायची कटकट नाही, गळती नाही. प्रवासात शाईचं पेन न्यायचंच कशाला?

दोन_निब (१०:०३)
अहो सुट्टे_रंग, त्यांनी पेन बदलू का असं विचारलेलंच नाही. आणि खरखरीत कागदावर फाइनलायनरचं टोक किती दिवस टिकतं तेही सांगा. माझं ००५ नंबरचं टोक दोन आठवड्यांत बसलं, एकदा बसलं की फेकायचं. निबने दाब बदलून रेघ जाड-बारीक करता येते, ते त्यात कुठून आणणार?

सुट्टे_रंग (१०:०७)
दाबून घासलं तर बसणारच. माझं एकेक पेन सहा महिने जातं. हात हलका ठेवायला शिका.

रेघोट्या (१०:१०)
भांडू नका ना, प्लीज. शाई प्लॅटिनम कार्बन ब्लॅक. पेन साधं स्टील निबचं, कन्व्हर्टरवालं (बाटलीतून शाई ओढून घेणारी नळी). कागद २०० जीएसएम. हे स्केचबुक मागच्या आठवड्यात सुरू केलं, आधीचं संपलं म्हणून.

कागदवेडा (१०:१४)
"काहीच बदललेलं नाही" म्हणालात आणि स्केचबुक नवीन! मिळालं उत्तर. जलरंगाच्या चांगल्या कागदाला खळ जास्त असते, पाणी लगेच आत शोषलं जाऊ नये म्हणून. त्याच खळीमुळे शाईही वर तरंगत राहते आणि वाळायला वेळ लागतो. वरून कोरडी दिसते, पण ब्रश फिरला की उठते. रेघा काढल्यावर वीस मिनिटं थांबा, हवा दमट असेल तर आणखी. माझं दोनदा असंच झालंय.

भटकंती२४ (१०:२०)
पॉवर बँक नेताय म्हणून सांगतो, ती चेक-इन सामानात टाकू नका, केबिनमध्येच ठेवा. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा परवानगीशिवाय चालते. २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टने ७४ वॉट-अवर, त्यामुळे काळजी नाही. आकडा बँकेवर छापलेला हवा, पुसला गेला असेल तर अडवतात.

रेघोट्या (१०:२२)
विमान नाहीये, ट्रेन आहे. तरी धन्यवाद.
कागदवेडा, मशीनच्या रेघा काढून तास उलटून गेला होता. मधे जेवून आले.

काळी_शाई (१०:३१)
तास झाला असेल तर कागदाचा दोष असेल असं वाटत नाही. दोन गोष्टी करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.
पहिली, जुन्या स्केचबुकात कुठे कोरी जागा असेल तर त्याच पेनाने तिथे चार रेघा काढा. वाळू द्या, मग पाण्याचा एक थेंब ठेवा.
दुसरी जास्त महत्त्वाची. पसरलेल्या कडेचा रंग नीट बघा. कार्बनची शाई वाळायच्या आत उठली तर करडी पसरते, काजळी पाण्यात कालवल्यासारखी. कड निळी किंवा जांभळट असेल तर ती कार्बन नाही. पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची (डायची) साधी काळी शाई बहुतेकदा दोन-तीन रंग मिसळून केलेली असते. ओल्या कागदावर ते वेगळे होतात आणि निळा-जांभळा सगळ्यात पुढे पळतो.

हिराकस (१०:३६)
या सगळ्या कार्बनच्या भानगडीपेक्षा लोहयुक्त शाई वापरा. हिराकस (लोखंडाचा क्षार) आणि टॅनिन (झाडांतला तुरट पदार्थ) यांची जुनी जोडी. कागदावर आधी फिकट उमटते, हवा लागली की गडद होत जाते आणि धाग्यात रुतून बसते. युरोपात शेकडो वर्षं दस्तऐवज याच शाईने लिहिले. माझ्या वहीवर पाणी सांडलं होतं, एक अक्षर गेलं नाही.

दोन_निब (१०:४०)
आणि तिच्यातल्या आम्लाने स्टीलची निब खाल्ली तर? त्यांचं पेन स्टीलचं आहे, वर लिहिलंय. नियमित धुणाऱ्याने वापरावी, आठ दिवसांच्या प्रवासात सुरुवात करू नये.

हिराकस (१०:४३)
आजच्या शाया इतक्या जहाल नसतात. मी तीन वर्षं स्टीलमध्येच वापरतोय.

रेघोट्या (१०:५८)
काळी_शाई, केलं. जुन्या स्केचबुकातही फुटली. आणि कड जांभळी आहे! दिव्याखाली धरून बघितलं, रेघेला लागून करडं काहीच नाही, बाहेरच्या टोकाला बारीक जांभळी किनार आहे. मशीनच्या चाकाजवळ पिवळ्यात मिसळून ती तपकिरी दिसत होती, म्हणून कळलं नव्हतं. पण बाटली तीच आहे हो, माझ्यासमोर आहे.

काळी_शाई (११:०२)
बाटली तीच, पण पेनात मधे दुसरं काही गेलं होतं का? नीट आठवा. कुणी उसनं नेलं, कार्ट्रिज (शाई भरलेली तयार नळी) घातली, असं काही?

रेघोट्या (११:०९)
हो. मागच्या आठवड्यात वर्गात शाई संपली, बाटली घरी होती. मैत्रिणीने काळी कार्ट्रिज दिली, दोन दिवस तीच होती. पण ती काढून मी कन्व्हर्टर परत लावला आणि बाटलीतून भरला. कार्ट्रिज तर गेली ना, मग?

काळी_शाई (११:१८)
कार्ट्रिज गेली, शाई नाही गेली. निबच्या खाली जे काळं फीड असतं त्याला कंगव्यासारख्या बारीक खाचा असतात. जादाची शाई धरून ठेवणं हेच त्यांचं काम. त्या सगळ्या खाचांत कार्ट्रिजची शाई बसलेली आहे आणि तुमची कार्बन शाई तिच्यातूनच खाली येतेय. शिवाय दोन वेगळ्या शाया एकत्र आल्या की कधी कधी गाळ धरतो, आणि पिगमेंटचा गाळ फीडमध्ये वाळला तर पेन गेलं समजा. आजच धुवा.

कन्व्हर्टरमधली शाई फेकून द्या. बाटलीत परत ओतू नका, अजिबात नाही. साधं गार पाणी घ्या, गरम नको, स्पिरिट तर नकोच, प्लास्टिकला तडे जातात. कन्व्हर्टर लावून पाणी आत ओढा, बाहेर सोडा. आठ-दहा वेळा झालं की वाटीभर पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून दोन-तीनदा तसंच करा, मग पुन्हा साधं पाणी, साबण पूर्ण जाईपर्यंत. पाणी स्वच्छ दिसलं तरी थांबू नका. निब टिशूवर टेकवून ठेवा, टिशूवर जांभळं येतंय तोवर धुवायचं. शेवटी कपात टिशू घालून पेन निब खाली करून रात्रभर उभं करा. आत पाणी राहिलं तर शाई पातळ होईल आणि उद्या नवीनच तक्रार येईल.

आणखी एक. भरताना तीच निब बाटलीत बुडवली असणार. स्वच्छ काडीने बाटलीतली शाई घेऊन एक रेघ ओढा, वाळल्यावर भिजवा. ती टिकली तर बाटली वाचली.

सुट्टे_रंग (११:२५)
इतकं सगळं करण्यापेक्षा फाइनलायनर… असो. पण सोबत एक ठेवाच. पेन रुसलं तर दिवस फुकट जायला नको.

चौकटीबाहेर (११:३०)
प्रवासासाठी मी इंडियन इंक नेते, पक्की काळी, मस्त टिकते. तीच भरा ना पेनात.

दोन_निब (११:३३)
नको!! चौकटीबाहेर, तुम्ही टाक बुडवून काढत असाल म्हणून चालतं. त्या शाईत बऱ्याचदा लाख (शेलॅक) असते, वाळली की पाण्याने निघत नाही. शाईच्या पेनात भरली तर फीड कायमचं चिकटून बसतं. रेघोट्या, हे ऐकू नका.

चौकटीबाहेर (११:३५)
हो, मी टाकच वापरते. लिहायचं राहिलं. पेनात भरू नका, बरोबर आहे.

बारा_गावं (शुक्रवार, सकाळी ७:१५)
अवांतर, पण एवढं सामान एका खांद्यावर लटकवू नका, सॅकचे दोन्ही पट्टे वापरा. मला कॅमेऱ्याच्या पिशवीने मानेचं दुखणं लागलं ते अजून गेलेलं नाही. जड वस्तू पाठीला चिकटून ठेवायची, पुढच्या कप्प्यात नाही.

रेघोट्या (शुक्रवार, रात्री ८:०५)
झालं!!! काल रात्री साडेबारापर्यंत धूत बसले होते. पाणी सातव्या वेळेलाच पांढरं दिसायला लागलं होतं, पण टिशूवर जांभळा ठिपका येतच होता. साबणाच्या पाण्यानंतर तर पुन्हा ढगासारखं जांभळं बाहेर आलं. शेवटी टिशू कोरा राहिला तेव्हा थांबले. काडीची रेघ टिकली, म्हणजे बाटली ठीक आहे. सकाळी भरलं, रेघा काढल्या, अर्धा तास थांबून वरून भरपूर पाणी सोडलं. जराही हलली नाही. काळी_शाई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. कार्ट्रिजचं मला खरंच महत्त्वाचं वाटलं नव्हतं, म्हणून लिहिलं नाही.
एकच शेवटचं विचारते. सॅकमधून पेन काढलं की टोपणात दोन-तीन थेंब सांडलेले असतात. हे आधीपासून आहे.

दोन_निब (८:१२)
पेन सॅकमध्ये आडवं पडलेलं असतं का? आणि अर्धं रिकामं?

रेघोट्या (८:१४)
आडवंच, तळाशी. शाई निम्मी असेल.

दोन_निब (८:२०)
मग तेच कारण. शाई कमी झाली की त्या जागी हवा येते. सॅक उन्हात तापली की हवा फुगते आणि शाईला ढकलते. निघताना पूर्ण भरा आणि निब वर राहील असं उभं खोचा, म्हणजे फुगलेली हवा निघून जाईल आणि शाई मागेच राहील. हिसक्यांनीही थेंब पडतात, म्हणून तळाशी नको. आणि आठ दिवसांत रोज थोडं तरी चालवा, कार्बनची शाई पेनात वाळू द्यायची नाही.

कागदवेडा (८:२६)
पेनाचा दोष निघाला, मान्य. पण नवीन कागदावर वीस मिनिटं थांबा हे मी अजूनही म्हणतो. ट्रेनमध्ये घाईत रंग लावाल आणि मग करडी कड येईल, ती कागदाचीच असेल.

रेघोट्या (८:३१)
थांबेन. सकाळी रेघा, दुपारी रंग असंच करणार आहे आता. सुट्टे_रंग, एक फाइनलायनरही टाकलाय सोबत. पेन खांद्याजवळच्या छोट्या कप्प्यात निब वर करून खोचलंय. मशीनचं पान फाडलं नाही, परत आले की समोरच्या पानावर तेच पुन्हा काढते.