‘रिकामीच आहे हो’ म्हणणाऱ्या साहेबांना टोकलं, माझं चुकलं काय?

टिळकवाडीचा_मामा
रविवारी भाचीला घेऊन शहराबाहेरच्या एका शूटिंग रेंजवर गेलो होतो. पोरगी एअर रायफल शिकते. पलीकडच्या लेनवर एक गृहस्थ स्वतःचं पिस्तूल घेऊन आलेले. बंदुकीच्या नोकरीत बावीस वर्षं काढलेला माणूस. मित्राशी बोलता बोलता गर्रकन मागं वळले ते पिस्तूल हातात धरूनच. पोरं जॅकेट घालत बसलेल्या बाकावरून नळी सरळ फिरली, आणि बोट चापावर. मी म्हटलं, “साहेब, नळी तिकडं करा.” ते हसले. “रिकामीच आहे हो.” आणि दाखवायला आधी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढली, मग मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढलं.

हा क्रम बघून माझ्या पोटात गोळा आला. मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली की वरची गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, चढते. नंतर मॅगझिन काढलं तरी ती आतच. म्हणजे रिकामी दाखवायच्या नादात माणूस भरून ठेवतो. त्यांच्या मॅगझिनमध्ये काही होतं की नव्हतं, देव जाणे. कोच खाली बघत उभा. मी भाचीला उठवलं आणि घरी आलो.

माझं मत: शिकाऊ माणूस घाबरून तरी जपतो. शिकलेल्याची भीती मेलेली असते, म्हणून त्याला नियम जास्त कडक हवा.

निपाणीचा_फौजी
मामा, टोकलंत ते बरोबर. पण एकाच्या चुकीवरून सगळ्या शिकलेल्यांना झोडपू नका. मराठा सेंटर (मराठा लाइट इन्फंट्रीचं प्रशिक्षण केंद्र) गावात असताना बेळगावकरानं असं लिहावं? चांदमारीला (गोळीबाराच्या सरावाला) लाल झेंडा चढल्यापासून उतरेपर्यंत आमचा श्वाससुद्धा हुकुमावर असायचा. ‘खाली कर’ झालं की हत्यार तपासून घ्यायचं, झाडलेल्या गोळ्यांचे रिकामे खोके मोजून द्यायचे. एक कमी भरला तर गवतात सगळी पलटण रांगायला. हे साहेब फौजेतले नसणार, लिहून देतो.

टिळकवाडीचा_मामा
अहो दादा, तेच तर म्हणतोय. तिथं हुकूम देणारा उभा असतो. रविवारी रेंजवर कोण होतं? कोचची हिंमत होईना, कारण समोर ‘साहेब’. कुठल्या खात्यातले ते मी लिहिणार नाही, तुम्हीही ओळखायचा खेळ करू नका.

खानापूर_रानवाट
आमच्याकडं पीक राखायच्या परवान्यावर आज्याची ठासणीची बंदूक हाय. निवडणूक आली की ठाण्यात जमा, नंतर परत. शाळा चौथी, पण आजा बंदूक हातात घेतली की आधी ठासायचा गज नळीत सोडायचा. गज पूर्ण आत गेला तर रिकामी, वर राहिला तर भरलेली. काल रात्री स्वतःच रिकामी केलेली असली तरी सकाळी पुन्हा गज. त्याला कोण ट्रेनिंग द्यायला आलतं?

निपाणीचा_फौजी
आजोबांना रामराम. पण त्या बंदुकीत एक बार असतो. दिवसभर ड्यूटीवर भरलेलं हत्यार बाळगणाऱ्याची गोष्ट वेगळी.

एनसीसीवाली_कॅम्प
वेगळी म्हणजे जास्त धोक्याची, काका. फ्लोरिडात 2004 साली अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्यातला एक अधिकारी पोरांना बंदुकीची सुरक्षितता शिकवत होता. या खोलीत हे हाताळण्याइतका तयार मी एकटाच, असं म्हणाला आणि पुढच्या काही क्षणांत स्वतःच्याच मांडीत गोळी मारून घेतली. पुढं व्हिडिओ फुटला म्हणून त्यानं खात्यावरच दावा लावला. हरला. (मला त्या पोरांचंच वाईट वाटतं, काय धडा मिळाला!)

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत चेंबरमध्ये भडक रंगाची सुरक्षा पट्टी घालूनच बंदूक ठेवतात. लांबून दिसतं, विचारावंच लागत नाही. ऑलिंपिकवाल्यालाही तीच पट्टी. त्यात कुणाचा अपमान होतो?

चिकोडी_बसस्टँड
सगळं खरं, पण मामांनी चारचौघांत बोलायला नको होतं. बाजूला घेऊन सांगितलं असतं तर साहेबांनी ऐकलं असतं. मोठ्या माणसाला पोरांसमोर टोकलं की तो चूक कबूल करत नाही, उलट फुशारकी मारतो. तेच झालं की.

टिळकवाडीचा_मामा
बाजूला घेऊन? नळी बाकाकडं असताना?

निपाणीचा_फौजी
इथं मात्र मी मामांच्या बाजूनं. रेंजवर ‘थांब’ म्हणायला हुद्दा लागत नाही. आमच्यात नवा रंगरूटसुद्धा ओरडायचा आणि सगळे थांबायचे. फक्त तुमचं ते ‘भीती मेलेली असते’ मागं घ्या. माझी मेली नाही, अजून.

टिळकवाडीचा_मामा
तुमच्यापुरतं मागं. त्या साहेबांपुरतं नाही. आणि कोचला आज फोन करून सांगितलंय, पुढच्या रविवारी ते येणार असतील तर आम्ही येत नाही. तो म्हणाला, “बघू की.”