मामाच्या ट्रंकेतलं जादूचं साहित्य: कसं जपावं, पुढे काय जमवावं?

लालबागची_भाची
नमस्कार मंडळी. माझे थोरले मामा गिरगावात राहायचे. नोकरी गिरणीत, पण गणपतीत आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांत जादूचे प्रयोग करायचे. चाळ पुनर्विकासाला गेली म्हणून खोली रिकामी करताना माळ्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक मिळाली. आत एक पितळी लोटा, खरादावर कातलेल्या तीन लाकडी वाट्या, लोखंडी कड्या, विरलेले रेशमी रुमाल, अर्धवट पोकळ असे पिवळट चेंडू, लाल-काळी लाकडी पेटी आणि लंडनच्या डेव्हनपोर्ट या जादूच्या दुकानाचा जुना कॅटलॉग.

यातलं काहीही विकायचं नाही. उलट यालाच धरून छोटासा संग्रह करायचा आहे. वर्षाला दहा-पंधरा हजार बाजूला काढू शकते. जुनी वस्तू ओळखायची कशी, मुंबईत शोधायची कुठे आणि आपल्या पावसाळ्यात टिकवायची कशी, एवढं सांगा. लोटा फार काळवंडलाय, रविवारी चिंच लावून लख्ख करणार आहे.

चोरकप्पा
ताई, आधी ती चिंच बाजूला ठेवा.

तो बहुधा 'वॉटर ऑफ इंडिया'चा लोटा आहे. पी. सी. सरकार यांच्या कार्यक्रमात हा प्रयोग पुन्हा पुन्हा यायचा. जादूगार लोटा पालथा करून रिकामा दाखवतो, पुढचा आयटम करतो, परत येऊन ओततो तर पुन्हा पाणी. भांडं दुहेरी भिंतीचं असतं आणि काठाजवळ बारीक भोक असतं. भोकावर बोट असेपर्यंत हवा आत शिरत नाही, म्हणून भिंतींमधलं पाणी अडून राहतं. बोट काढून लोटा सरळ ठेवला की ते पाणी खालून आतल्या भागात येतं. हे गुपित पुस्तकांत केव्हाच छापून आलंय, म्हणून इथे लिहितोय.

आता भोकाच्या भोवती बघा. वर्षानुवर्षं एकाच जागी बोट टेकलं की तिथलं पितळ आजूबाजूपेक्षा गुळगुळीत आणि उजळ होतं. तो तुमच्या मामांचा हात आहे. चिंच किंवा पॉलिश लावलंत की सगळा लोटा सारखाच चमकेल आणि ती खूण जाईल. मी स्वतः एका पितळी वाट्यांच्या संचाचं हे वाटोळं केलंय. घेतला त्याच दिवशी घासला. नंतर एका जुन्या कलाकाराने त्या हातात घेतल्या आणि म्हणाला, या कुणी वापरल्या होत्या ते आता कळणार नाही. कोरड्या मऊ सुती कापडाने पुसा, बस.

पाणी भरून चाचणी घ्यायची तर एकदाच घ्या. जुना डाग, म्हणजे धातूचा जोड, सुटलेला असेल तर गळेल. नंतर भोकातून शेवटचा थेंब निथळू द्या आणि पंख्याखाली दोन दिवस ठेवा. आत ओल राहिली की पितळ हिरवं पडतं.

जुनी_रद्दी
जुनं ओळखायचं तर वस्तूइतकंच तिच्यावरच्या कागदाकडे बघा. डब्याच्या लेबलवर, पावतीवर किंमत आण्यांत असेल तर ती १ एप्रिल १९५७ च्या आधीची असण्याची शक्यता दांडगी, कारण दशमान नाणी त्या दिवशी आली. पत्त्यात 'मुंबई ४' असा एक-दोन आकडी विभाग असेल तर छपाई सहसा १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीची. सहा आकडी पिनकोड तेव्हापासून सुरू झाला. तुमच्या कॅटलॉगवर लंडनचा पत्ता बघा. W.C. च्या पुढे आकडा असेल तर तो १९१७ नंतरचा, लंडनच्या टपाल विभागांना आकडे तेव्हा मिळाले. डेव्हनपोर्टचं दुकान १८९८ चं, म्हणजे फार मागे जायला वाव आहे.

लाल-काळ्या पेटीचे स्क्रू तपासा. डोक्यावर आडवी एकच खाच असेल तर पेटी जुनी असू शकते. अधिकचं चिन्ह असलेल्या फिलिप्स स्क्रूचं पेटंट १९३६ चं आहे. तसा स्क्रू दिसला तर एकतर पेटी नंतरची किंवा कुणीतरी दुरुस्त केलेली. 'अँटिक आहे' म्हणून कुणी दहा हजार मागितले की मी आधी स्क्रूच बघतो.

लालबागची_भाची
@चोरकप्पा, चिंच टोपलीत परत गेली. दिव्याखाली बघितलं, भोकाच्या बाजूला नखाएवढा उजळ भाग खरंच आहे. अंगावर काटा आला.

स्क्रू एका खाचेचे आहेत. कड्या सात भरल्या: तिनाची एक साखळी, दोनाची एक, आणि दोन सुट्या.

विंगेतून
मग एक हरवली आहे, आणि नेमकी महत्त्वाचीच. आठच्या जुन्या संचात तुम्ही सांगितलेल्या साताबरोबर फट असलेली एक कडी असते. सगळा खेळ तिच्यावर चालतो. मीही वीस वर्षं स्टेजवर काढली आहेत. ती कडी आम्ही कधीच बाकीच्यांत टाकत नाही, कारण मुलं विंगेत येऊन पेट्या उचकतात. कोट, पिशवीचं अस्तर, कपड्यांचं कपाट शोधा. नवी आणून जोडू नका, आठवीची जागा रिकामी राहिली तरी चालेल.

पावसाळी_कपाट
चेंडूंकडे लगेच लक्ष द्या. पिवळट, हलके आणि चोळल्यावर कापरासारखा वास आला तर ते सेल्युलॉइड आहे. ते भडकन पेटतं, शिवाय सडताना जी वाफ सोडतं त्याने शेजारचं पितळ आणि रेशीमही खराब होतं. वेगळ्या खोक्यात, आम्लरहित कागदात, हवा लागेल असे ठेवा. बंद प्लास्टिकच्या पिशवीत नको, माळ्यावर तर अजिबात नको. चेंडू जड आणि त्यावर धाग्यासारख्या रेषांची जाळी दिसली तर हस्तिदंत असू शकेल. त्याची खरेदी-विक्री कायद्याने बंद आहे, हे लक्षात ठेवा.

रुमाल घडी न घालता कागदाच्या नळीवर गुंडाळा, घडीवरच रेशीम तुटतं. जून ते सप्टेंबर ओल शोषणारं सिलिका जेल घाला आणि रंग बदलला की वाळवून परत वापरा. डांबराच्या गोळ्या मी घालत नाही.

चोरकप्पा
खरेदीचं सांगतो. शुक्रवारी चोर बाजारातली मटण स्ट्रीटची पक्की दुकानं बंद असतात, पण त्या दिवशी पहाटे रस्त्यावरचा बाजार भरतो. मला दुकानांपेक्षा हाच आवडतो. 'जादूचं काही आहे का' असं विचारू नका, किंमत चढते. पितळी डबे, दुहेरी तळाच्या पेट्या, लाकडी वाट्या असं विचारा. वस्तू हातात घेऊन खटका चालतो का, तळ वाजतो का, झाकण आत कुठे थबकतं का, हे शांतपणे बघा. अर्धा भाग हरवलेली वस्तू मी स्वस्तातही घेत नाही.

आपल्याकडे घरं लहान, म्हणून मी तर खिशात मावणारी वस्तू जमवा म्हणेन. नाण्यांच्या डब्या बघा. थिओ बॅम्बर्ग हा डच जादूगार आधी जपानी आणि नंतर चिनी वेशात 'ओकिटो' नावाने प्रयोग करायचा, त्याच्या नावाची पितळी डबी बोटभर जागेत राहते. शिवाय आपल्याच मदाऱ्यांच्या वस्तू: माथ्यावर बोंड असलेल्या लाकडी वाट्या, करवंटीतल्या पाण्यात हुकमावर बुडी मारणारं बदक. परदेशी संग्राहक यांच्या मागे असतात आणि आपण त्या भंगारात घालतो, याचं मला फार वाईट वाटतं.

भाव कळायला शिकागोच्या पॉटर अँड पॉटरच्या झालेल्या लिलावांचे कॅटलॉग चाळा. तिथून मागवायची घाई नको, पाठवणीचा खर्च आणि सीमाशुल्क मिळून तुमचं वर्षाचं बजेट एका वस्तूत संपेल. तुमच्या पैशांतले पाच हजार मात्र राखून ठेवा आणि मामांबरोबर काम केलेल्या माणसांना भेटायला वापरा. एखादा सहायक, पेटी वाजवणारा, कुणीतरी असेल. त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. कोणता आयटम कशानंतर यायचा, तोंडाने काय बोलायचे, हे ट्रंकेत नसतं.

जुनी_रद्दी
+१. आणि प्रत्येक वस्तूला दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधा, कुठून आली, कोणी काय सांगितलं. चिकटपट्टी लावू नका.

लालबागची_भाची
मंडळी, आज मामींकडे बोरिवलीला गेले होते. कोट विचारला तर त्यांनी कपाटातून काढून दिला, इतकी वर्षं मलमलीत गुंडाळून ठेवलेला. डाव्या बाजूला अस्तराच्या आत मोठा शिवलेला खिसा, आणि त्यात आठवी कडी. फटीच्या दोन्ही टोकांना लोखंड घासून पांढरं झालंय.

मामी म्हणाल्या, तो खिसा त्यांनीच शिवला होता. नंतर त्यांनी 'आईनो, बहिणींनो, आणि मागच्या खिडकीतल्या आजोबांनो' अशी मामांची सुरुवात अख्खी म्हणून दाखवली, पावणेदोन मिनिटं. रेकॉर्ड केली आहे. पुढच्या रविवारी परत जाणार आहे, लाल-काळ्या पेटीत काय गायब व्हायचं ते विचारायला.