मदत हवी आहे: चिप कंपनीने बायबॅक करावा का? (जरा घाईत)

घाईत_आहे:
एका चिप कंपनीचे शेअर आहेत, माझे आणि भावाचे मिळून. बायबॅक जाहीर झालाय, म्हणजे कंपनी स्वतःचेच शेअर परत विकत घेणार. मी खूश, भाऊ चिडलेला. म्हणतो, हा पैसा कारखान्यात घालायला हवा होता. ठेवायचे की विकायचे, उद्या ठरवायचंय. बरोबर कोण? 'स्वतः अभ्यास करा' नको, प्लीज.

तळटीप_वाचक:
कंपनी कोणती? फॅब, म्हणजे चिपचा कारखाना, स्वतःची आहे की चिप बाहेरून करून घेते?

घाईत_आहे:
त्याने काय फरक पडतो? नफ्यात आहे, एवढं पुरे ना?

तळटीप_वाचक:
नाही पुरत. एनव्हिडियाने ऑगस्ट २०२४ मध्ये ५० अब्ज डॉलरचा बायबॅक मंजूर केला, कारण कारखान्यांचा भार तिच्या चिप बनवून देणाऱ्या टीएसएमसीच्या माथी. त्या टीएसएमसीने एकट्या २०२२ मध्ये ३६ अब्ज डॉलर भांडवली खर्च केला.

जुना_खेळाडू:
प्रोसेसर बनवणारी, स्वतःच्या फॅब असलेली इंटेल बघा, विषय संपला. १९९० पासून सुमारे १५२ अब्ज डॉलर बायबॅकमध्ये गेले, आणि २०२४ च्या अखेरीस लाभांशसुद्धा बंद करावा लागला.

उलटतपासणी:
इंटेलचं रडगाणं पुरे झालं. १० नॅनोमीटर, म्हणजे चिप बनवायचं त्यांचं पुढच्या पिढीचं तंत्र, पैशाअभावी रखडलं नव्हतं, तंत्रात एकदम मोठी उडी घ्यायला गेले म्हणून रखडलं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने २००४ पासून शेअरसंख्या जवळपास निम्मी केली, आणि फॅबही बांधतेच आहे.

जुना_खेळाडू:
टेक्सास बनवते त्या ॲनालॉग चिप जुन्या यंत्रांवर वर्षानुवर्षं निघतात हो. प्रोसेसरशी तुलना कशी करता?

हिशेबनीस:
अमेरिकेत २०२३ पासून बायबॅकवर १ टक्का अबकारी कर आहे. तो कंपनी भरते, शेअरधारक नाही.

घाईत_आहे:
कराचं कोणी विचारलंय?

सरळमार्गी:
इंडेक्स फंड घ्या, अनेक कंपन्यांचे शेअर एकत्र. भाऊबंदकी टळेल.

तळटीप_वाचक:
धागाकर्ते, एक बघा: एकूण शेअर खरंच कमी होताहेत का? कर्मचाऱ्यांना शेअर वाटायचे आणि बायबॅकने तेवढेच परत उचलायचे, असंही चालतं.

घाईत_आहे:
बघितलं. पाच वर्षांत आकडा जवळपास तेवढाच. आणि हो, फॅब स्वतःची आहे. मेमरी चिप बनवतात.

तळटीप_वाचक:
अहो, मेमरी! हे पहिल्या ओळीत नको का सांगायला? मेमरीचे भाव चढतात तेव्हा तिजोरी भरते आणि शेअरही महाग असतो, नेमका तेव्हाच बायबॅकचा मोह होतो. मग भाव कोसळतात. २०२३ च्या आर्थिक वर्षात मायक्रॉनला ५.८ अब्ज डॉलर तोटा झाला. अशा वर्षीही पुढच्या पिढीच्या यंत्रांवरचा खर्च सगळा थांबवता येत नाही, गाठीला पैसा लागतो. मला तरी भावाचं पटतंय. तेवढ्यावरून विकाच असं मात्र नाही. कर्ज किती आहे?

घाईत_आहे:
ते बघून सांगतो. भावाला धाग्याची लिंक देणार होतो, आता राहू दे.

जुना_खेळाडू:
@उलटतपासणी, १० नॅनोमीटरचं अजून संपलेलं नाही. वेगळा धागा काढतो.