नकाशा हिरवा, गाव लाल: हौशी ड्रोनवाल्याने उडवायचं तरी कुठे?

बांधावरचा

मेहुण्याने दिवाळीला सिंगापूरहून येताना एक छोटा ड्रोन आणून दिला. वजन २४९ ग्रॅम, घडी घातली की शर्टाच्या खिशात मावतो. मी पन्नाशीला टेकलेला माणूस, पण गच्चीत जमिनीवर ठेवून नुसते पंखे फिरवले तरी जत्रेतलं भिरभिरं मिळाल्यासारखं झालं. उडवला नाही, कारण आधी अभ्यास करायचा ठरवलं होतं.

तर अभ्यास असा. २५ ऑगस्ट २०२१ ला ड्रोन नियम आले, महिन्याभरात डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर देशाच्या आकाशाचा नकाशा आला. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत कुणाला विचारायचं नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी. लाल म्हणजे केंद्र सरकारची परवानगी, म्हणजे आपल्यासारख्यांनी विसरायचं. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर गेलात की पिवळा सुरू. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालकाचं प्रमाणपत्र लागत नाही, विमाही लागत नाही. पुण्याचा नकाशा उघडला तर कुणीतरी लाल तिखट सांडल्यासारखा. लोहगावला हवाई दल, खडकवासल्याला एनडीए, अधेमधे लष्कर. बरोबरच आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

म्हणून गावी गेलो. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला, नकाशावर हिरवंगार. संध्याकाळी साडेपाचला आमच्याच कांद्याच्या वावरावर शंभर फूट वर घेतला. चार मिनिटं झाली असतील. बांधावरून आधी दोन पोरं आली, मग दहा, मग पंचवीसेक माणसं. दोघांच्या हातात काठ्या. एक आजी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्योच तो रातचा!" पोलीस पाटील चुलत्यांचे दोस्त निघाले म्हणून अंगावर बेतलं नाही, पण ठाण्यात जावंच लागलं. (कुठलं ठाणं ते विचारू नका.) तिथल्या साहेबांना मोबाइलवर नकाशा दाखवला. ते म्हणाले, "हा तुमचा नकाशा. आमच्याकडं आदेश आहे." भिंतीवर कॅलेंडरच्या मागे डकवलेला कागद: नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ (पूर्वीचं १४४), विनापरवाना ड्रोन उडवण्यास मनाई, तारीख दीड महिन्यापूर्वीची.

आता माझं म्हणणं. २०२१ च्या नियमांतच पोलिसांना तात्पुरता लाल भाग जाहीर करायची सोय आहे. पण तो त्याच नकाशावर दाखवायचा, आणि त्याची मुदत दिवसांत नव्हे, तासांत मोजलेली आहे. मग हे महिना-दोन महिन्यांचे आदेश नकाशाबाहेर का? नवख्याने नकाशा बघायचा की तालुक्यातल्या प्रत्येक ठाण्याचं कॅलेंडर उचलून बघायचं?

चावडी

नकाशाचं नंतर बघू. ड्रोन आला कसा? ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनची आयात बंद आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांनाच सूट, तीही मंजुरी घेऊन. सुटे भाग आणता येतात, अख्खा ड्रोन नाही. विमानतळावरच्या कस्टमच्या फॉर्मवर ड्रोन ही वेगळी नोंद आहे. मेहुण्याने तिथे खूण केली होती का?

बांधावरचा

आत्ताच फोन केला. "पोराच्या खेळण्यांच्या डब्यात होता," म्हणाला आणि विषय बदलला.

चावडी

वा! म्हणजे चोरवाटेने आलेली गाडी रस्त्यावर काढायची आणि वर सिग्नलची पाटी चुकीच्या जागी लावलीय म्हणून धागा काढायचा. आणि १६३ चा आदेश दोन महिन्यांपर्यंत चालतो, म्हणजे भिंतीवरचा तुमचा कागद चांगला जिवंत होता. साहेब नियमाने वागले. तुमचं नशीब, ड्रोन परत मिळाला.

पंखा नंबर तीन

चावडीभाऊ, मेहुण्याचा ड्रोन बाजूला ठेवा. मी देशी बनावटीचा घेतलाय, रीतसर बिल आहे, तरी माझं दुखणं तेच. मुंबईत राहतो. तिथे पोलिसांचा ड्रोनबंदीचा आदेश साधारण महिन्याभराचा निघतो, संपतो, पुन्हा निघतो. त्यात ड्रोनबरोबर पॅराग्लायडर, हॉट एअर बलून, सगळे एका ओळीत. कारण दर वेळी तेच: घातपाताची शक्यता. ज्या आदेशाची मुदत कधी संपतच नाही त्याला तात्पुरता म्हणायचं कशाला? कायमची बंदी करायची तर केंद्राने नकाशावर मुंबई लाल रंगवावी आणि मोकळं व्हावं. निदान आम्ही पैसे तरी वाचवले असते.

गावातल्या रात्रीच्या ड्रोनबद्दलही बोलायला हवं. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर रात्री ड्रोन फिरतात म्हणून गावोगाव गस्ती चालू होत्या तेव्हा मी मामाकडे होतो. आमच्या वस्तीवर लोकांनी ज्याला दगड मारायला घेतले ते लांबून जाणाऱ्या विमानाचे दिवे होते. मी सांगितलं तर मलाच म्हणाले, "तू त्यांच्यातलाच दिसतोस."

रानपाखरू

मी त्या बांधावरच्या पंचवीस जणांच्या बाजूची आहे, हे आधीच सांगते.

दादा, तुमच्या वस्तीवर विमान असेल. त्या दिवसांत माझ्या आईने तिच्या चार बांगड्या ज्वारीच्या कणगीत दडवल्या होत्या आणि आम्ही दीड महिना अंगणात झोपलो नाही. जूनमध्ये पत्र्याच्या घरात आत झोपून बघा, मग अफवा म्हणा. ड्रोन आधी येतो, कुठल्या वाड्यात म्हातारं माणूस एकटं आहे ते बघून जातो आणि मागून चोर येतात, असं सगळीकडे बोललं जात होतं. खरं किती, खोटं किती, ते आम्हाला कुणी येऊन सांगितलं नाही.

दुसरी गोष्ट पुरुषमाणसांच्या लक्षातच येत नाही. आमच्याकडे अजून कित्येक घरांची न्हाणी म्हणजे तीन बाजूंनी आडोसा आणि वर आभाळ. पाच हजार वर्षं वरून कुणी बघणार नाही या भरवशावर बांधलेली ती जागा आहे. तुमच्या नकाशावर विमानतळाला रंग आहे, छावणीला रंग आहे. आमच्या न्हाणीला कुठला रंग? विमानाला त्रास होऊ नये म्हणून नियम केले, खाली राहणाऱ्याला होऊ नये म्हणून काय केलं? तेव्हा तो कलम १६३ चा कागद वाईट असेल, पण आमच्या बाजूने बोलणारा तेवढाच एक कागद आहे.

बांधावरचा

न्हाणीचा मुद्दा खरंच डोक्यात आला नव्हता. माझा कॅमेरा पूर्ण वेळ कांद्यावर होता, पण खाली उभ्या माणसाला ते कसं कळणार?

पंखा नंबर तीन

मुद्दा मान्य, पण मग खाजगीपणाचा कायदा मागा. चोरून बघणं हा मोबाइलनेही गुन्हाच आहे, म्हणून तालुक्यात मोबाइल बंद करत नाहीत.

रानपाखरू

मोबाइल धरणाऱ्याचं तोंड दिसतं. ड्रोनवाला कुठल्या उसात बसलाय ते दिसत नाही.

लग्नसराई

मी लग्नांचं चित्रीकरण करतो, पोटासाठी उडवतो, म्हणून दोन्हीकडून शिव्या खातो. डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असलेल्या संस्थेत पाच दिवस शिकलो, परीक्षा दिली, दहा वर्षांचं प्रमाणपत्र घेतलं. हौशी माणसाला २ किलोपर्यंतच्या ड्रोनला हे लागत नाही, धंद्याला २५० ग्रॅमच्या वर लागतं. त्याबद्दल राग नाही. राग याचा आहे की गेल्या वर्षी आमच्या भागातल्या यात्रेत एका हौशीने पालखीवर ड्रोन नेला, तो गुलालात घुसला, पंख्यात भुकटी गेली आणि मानकऱ्याच्या फेट्यावर आपटला. लागलं नाही, पण त्यानंतर त्या गावात मला तीन लग्नांत "ड्रोन नको" सांगितलं. तिन्ही पॅकेजमधून पैसे कापले गेले.

आणि ते "२४९ ग्रॅम काय करणार" हे पालुपद बंद करा. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला वणवा पेटला होता. पाणी टाकणाऱ्या विमानाला एका हौशीचा असाच छोटा ड्रोन धडकला. वाहनतळाच्या गच्चीवरून उडवलेला, दोन-अडीच किलोमीटर लांब गेलेला, नजरेआड झालेला. पंखाला भोक पडलं आणि ऐन आगीत विमान जमिनीवर बसलं. ड्रोन डोळ्यांना दिसेल इतकाच लांब न्यायचा, हा एक नियम पाळला असता तरी ते टळलं असतं. आपल्याकडे पडद्यावर चित्र दिसतंय ना, मग झालं, अशी समजूत आहे.

अजून एक. काही ड्रोन पूर्वी बंदीच्या जागी उडतच नसत, ॲपच अडवायचं. डीजेआय या चिनी ड्रोन कंपनीने अमेरिकेत ती अडवणूक २०२५ च्या सुरुवातीला काढून नुसती सूचना ठेवली. ॲपने अडवलं नाही म्हणजे चालतं, असं समजणारे रोज भेटतात.

एडिसनकर

इकडे न्यू जर्सीत मी हौसेने उडवतो. आधी एक छोटी ऑनलाइन चाचणी, फुकट. विमानतळाजवळ उडवायचं असेल तर फोनवरच्या ॲपमध्ये जागा आणि उंची टाकायची, त्या चौकोनात ठरलेल्या उंचीच्या आत असेल तर काही सेकंदांत मंजुरी. आकाश कुणाचं, याचं उत्तर एकच: केंद्रीय विमान प्रशासन. गावचा पोलीस आकाश बंद करू शकत नाही. मात्र उडवायला पाय ठेवाल ती जमीन ज्याची, तो हाकलू शकतो. राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून बंदी आहे ती अशीच. तेव्हा इथे सगळं मोकळं आहे असं समजू नका. पण कुठे बंदी आहे ते घरातून निघण्याआधी कळतं.

चावडी

एडिसनकर, तुमच्या शेजारी कॅनडा आहे. २७ जून २०२१ ला जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनने स्फोटकं टाकली. मे २०२५ मध्ये सीमेवर रात्रीच्या रात्री ड्रोन पाडले जात होते. इथला हवालदार आकाशातला ठिपका बघून "कुणा हौशीचा असेल" असं म्हणत बसणार नाही, आणि त्याने म्हणूही नये.

पंखा नंबर तीन

जम्मूचं उदाहरण दिलंत ते बरं केलंत. त्या हल्ल्यानंतर दोन महिन्यांच्या आत केंद्राने नियम कडक नाही, सैल केले. विमानतळाभोवतीचा पिवळा पट्टा ४५ किलोमीटरवरून १२ वर आणला. भरायच्या २५ अर्जांचे ५ केले. दंडाची कमाल मर्यादा एक लाख ठेवली. म्हणजे ज्यांच्याकडे गुप्त माहिती येते त्यांनी विचार करून ठरवलं की खरा धोका नोंदणी केलेल्या हौशीकडून नाही. घातपात करणारा नकाशाही बघत नाही आणि तुमचा आदेशही. आदेश वाचून घरी बसतो तो फक्त मी.

चावडी

आणि तुम्ही घरी बसलात की आकाशात उरतो तो संशयित. बंदीचा उपयोग तोच असतो हो.

पंखा नंबर तीन

हे बाकी तुमचं बिनतोड आहे. पटत नाही, पण बिनतोड आहे.

गडवाट

धागा गडांकडे कसा वळला नाही याचंच नवल. मी स्वतः ड्रोनवाला, तरी गडांवरच्या बंदीच्या बाजूचा. जुलै २०२५ मध्ये बारा किल्ले जागतिक वारशात गेले आणि पुढच्याच सुट्टीत माच्यांवर भुणभुण वाढली. नकाशावर बरेच गड हिरवे दिसतात, पण हिरवा रंग फक्त आकाशाचा. खालचा दगड पुरातत्त्व खात्याचा. त्यातही रायगड, शिवनेरी, लोहगड केंद्राकडे, तर राजगड, प्रतापगड, साल्हेर राज्याकडे. अर्ज कुणाकडे करायचा तेच लोकांना ठाऊक नसतं. हरिश्चंद्रगडावर गेलात तर वर अभयारण्य, म्हणजे वन खातंही आलं.

कागद सोडा. कड्याच्या पोटात आग्या मोहोळ असतं. सुळक्याचा "सिनेमॅटिक" शॉट घ्यायला एक पोरगा कड्याला खेटून ड्रोन नेत होता, मी वीस पावलांवर होतो. मोहोळाचा काळा पडदा एकदा लाटेसारखा सरकला. कड्याच्या सावलीतून उठलेला तो आवाज मी अजून विसरलो नाही. नशिबाने ड्रोन लांब गेला आणि पडदा पुन्हा बसला. वर त्या वेळी शाळेची सहल होती, पन्नास पोरं. मोहोळ उठलं असतं तर पळायला एकच दरवाजा. याला परवानगीचा कुठला अर्ज पुरणार?

रानपाखरू

हेच म्हणतेय. जमिनीवरच्याला विचारा. जुन्नरकडे वन खातं बिबट्या शोधायला ड्रोन आणतं, तेव्हा तेच गाव चहा करून देतं. आधी सांगून येतात म्हणून.

बांधावरचा

सगळे प्रतिसाद वाचले. चावडीभाऊंच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर नाही, ड्रोन तूर्त कपाटात. देशी नॅनोची (म्हणजे २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनची) चौकशी केली, किंमत ऐकून सौ. नी माझ्याकडे जसं बघितलं त्यावर वेगळा धागा निघेल. पुढच्या वेळी गावात आधी देवळाच्या भोंग्यावरून सांगायचं, वाडीकडे तोंड करायचं नाही आणि पोलीस पाटलांना शेजारी उभं करायचं, इतकं ठरवलंय.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. जिल्ह्यातले असे सगळे आदेश कुठून कुठपर्यंत लागू आहेत ते माहिती अधिकारात मागवणार आहे. आले की इथे टाकतो.

चावडी

मागवा, मलाही वाचायचे आहेत. अर्जात ड्रोन तुमच्याकडे आहे असं मात्र लिहू नका.